युनथानचा एकुलता एक परदेशी

युनथान हे चीनमधलं नदीकाठचं गाव निसर्गानं इतकं देखणं करून ठेवलं होतं की प्रशासनाला तिथं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ही उणीव भरून काढण्यासाठी गावात पर्यटन उन्नती कचेरी स्थापन झाली आणि तिच्या उपप्रमुखपदी फान साहेब आले. आल्या आल्या त्यांनी 'आंतरराष्ट्रीय विश्रांतिनगर' या दर्जासाठी अर्ज केला. बहुतेक अटी पुऱ्या होत होत्या. डोंगर होते, धुकं होतं, नदीत बांबूचे तराफे होते. अडली ती एकच अट: गावात परदेशी रहिवासी 'ठळकपणे दिसतील अशा प्रमाणात' असावेत. युनथानमध्ये परदेशी रहिवासी एकच होता, आणि तो मुळीच ठळक दिसत नव्हता.

त्याचं नाव अबिलिओ. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात उभी हयात घालवून तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की मिळणाऱ्या पेन्शनीत आपल्याच शहरात एकतर राहता येईल किंवा जेवता येईल. युनथानमध्ये दोन्ही जमत होतं. माणूस बुटका, सावळा. साठी उलटली तरी केस काळेभोर. छिनबाई नावाच्या विधवेच्या माडीवर तो भाड्यानं राही. गाव त्याला आ-बी म्हणे. सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीत बसून तांदळाच्या शेवया ओरपायच्या, दुपारी ताणून द्यायची, संध्याकाळी छिनबाईंबरोबर अंगणात सोंगट्यांचा माजोंग खेळायचा आणि हरला की गावच्या बोलीत शिव्या द्यायच्या. शिव्या छिनबाईंनीच शिकवल्या होत्या, आणि उच्चार चुकला तर त्या पुन्हा म्हणून घेत.

फान साहेब स्वतः माडीवर आले. संत्री घेऊन आले, म्हणजे काम मोठं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की नियमात 'प्रमाण' म्हटलंय, माणसं वेगवेगळी असावीत असं कुठंही म्हटलेलं नाही. तेव्हा आ-बी साहेबांनी सकाळी घाटावर कॉफी पीत दिसावं, दुपारी पुलावर सायकल चालवताना दिसावं आणि संध्याकाळी वडाखाली गिटार घेऊन दिसावं. म्हणजे तीन परदेशी झाले. गिटार वाजवता येत नाही, असं अबिलिओनं सांगितलं. वाजवायची अट नाही, असं फान साहेबांनी सांगितलं. जाता जाता त्यांनी अबिलिओच्या मुक्कामाच्या परवान्याची आपुलकीनं चौकशी केली. परवान्याची मुदत संपत आली होती. अबिलिओ दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर कॉफी पीत दिसला.

कॉफीनं त्याला पित्त व्हायचं. पण तक्रार त्याची नव्हती, पर्यटकांची आली. परदेशी माणूस फार चांगलं चिनी बोलतो, त्यामुळे परदेशी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. कचेरीनं त्याला मोडकंतोडकं बोलण्याची सूचना केली. मग त्याला चॉपस्टिक्स नीट धरता येतात, हेही कोणाच्या तरी डोळ्यांत खुपलं. तेव्हापासून अबिलिओ रोज दुपारी भर चौकात शेवया सांडू लागला. शांघायहून आलेल्या बायका पुढं होऊन त्याची बोटं धरून त्याला शिकवीत, आणि अखेर एक शेवई तोंडापर्यंत पोचली की सगळे टाळ्या वाजवीत. माडीच्या खिडकीतून छिनबाई हे बघत.

"नऊ वर्षांत एवढं कौतुक मी तुझं केलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून घास भरवायलाही माणूस येईल बघ."

योजना यशस्वी झाली, आणि तिथंच घोटाळा झाला. परदेशी माणूस जिथं राहतो तिथं आपणही राहावं, असं पर्यटकांना वाटू लागलं. छिनबाईंच्या गल्लीला 'विदेशी गल्ली' असं नाव मिळालं. घरांची अतिथिगृहं झाली, अतिथिगृहांची भाडी दुप्पट झाली. कोपऱ्यावरची शेवयांची टपरी उठवून तिथं पॅनकेकचं दुकान काढण्यात आलं, कारण परदेशी लोक सकाळी शेवया खात नाहीत असा कचेरीचा अभ्यास होता. गल्लीतल्या एकमेव परदेशी माणसाची न्याहारी त्या दिवसापासून बंद पडली. छिनबाई त्याला स्वतःच्या चुलीवर शेवया करून देऊ लागल्या. मात्र खिडकी लावून, कारण असं खाताना तो दिसला असता तर दर्जाला बाधा आली असती.

एकदा सुट्टीच्या गर्दीत एक पर्यटक छिनबाईंच्या उंबऱ्यावर चढून फोटो काढू लागला. तो जवळच्याच जिल्ह्यातला होता. म्हातारीनं बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा त्यानं तिला गावच्या बोलीतच एक घाणेरडा शब्द वापरला. परदेशी माणसाला कळणार नाही, या हिशोबानं तो बिनधास्त होता. अबिलिओ हातात गिटार घेऊन शेजारीच उभा होता. त्यानं गिटार भिंतीला टेकवली आणि आवाज न चढवता त्या माणसाला त्याच बोलीत असं काही सुनावलं की त्याच्या चार पिढ्यांचा त्यात यथायोग्य उल्लेख आला. उच्चारात एकही चूक नव्हती. छिनबाईंचे डोळे पाणावले.

सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. संध्याकाळपर्यंत देशभर बोभाटा झाला: युनथानमधला परदेशी खोटा आहे. बुटका, काळ्या केसांचा, अस्सल गावठी शिव्या देणारा. शेजारच्या तालुक्यातला कुणीतरी उभा केलाय.

कचेरीनं चौकशी समिती नेमली. अबिलिओनं समितीपुढं पासपोर्ट ठेवला. फान साहेबांनी तो आदरानं दोन्ही हातांनी घेतला, पानं उलटली आणि परत दिला.

"यावरून तुम्ही पोर्तुगीज आहात हे सिद्ध होतं," ते म्हणाले. "परदेशी आहात हे नाही."

परदेशी कोण, हे बघणाऱ्यांनी ठरवायचं, असं समितीचं मत पडलं. पर्यटकांना दोन छायाचित्रं दाखवून कौल घेतला गेला. एक अबिलिओचं होतं. दुसरं थान नावाच्या तरुणाचं. तो नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावातला नाटकमंडळीतला नट होता. उंच होता, केस पिवळे रंगवलेले आणि डोळ्यांत निळ्या काचा. जवळपास एकमतानं थान परदेशी निवडून आला. त्याला मोडकं चिनी बोलायला शिकवण्याचं काम मात्र अबिलिओवर सोपवलं गेलं, कारण अनुभव त्यालाच होता. थान स्वभावानं भला होता. घाटावर कॉफी पिताना तोही पोट धरायचा.

दर्जा मिळाला. फटाके वाजले. मग अबिलिओ परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीचं शिफारसपत्र मागायला गेला. तिथं त्याला सांगण्यात आलं की मुक्कामाचा परवाना परदेशी नागरिकांसाठी असतो, आणि समितीच्या निष्कर्षानुसार तो परदेशी नाही. मग स्थानिक म्हणून राहू द्या, असं तो म्हणाला. स्थानिक माणसाला विदेशी गल्लीत राहता येत नाही, ती जागा परदेशी रहिवाशांसाठी राखीव आहे, असं उत्तर मिळालं. शिवाय स्थानिक म्हणून त्याच्याकडं कसलाच पुरावा नव्हता. त्याच्याकडं होता तो फक्त पासपोर्ट.

अबिलिओ घरी येऊन पेटी भरू लागला. ब्रागाला परत जायचं म्हणजे बहिणीच्या माळ्यावर राहायचं. छिनबाई दारात उभ्या राहून बराच वेळ त्याच्या घड्या घातलेल्या सदऱ्यांकडं बघत राहिल्या. नंतर त्यांनी ते एकेक करून बाहेर काढले आणि पुन्हा घड्या घातल्या, कारण त्याला त्या नीट घालता येत नव्हत्या.

"आ-बी," त्या म्हणाल्या, "तू परदेशी नाहीस हे सरकारनंच ठरवलं ते बरं झालं. परदेशी माणसाशी लग्न करू नकोस, असं आईनं मला बजावलं होतं."

अबिलिओ पेटीवर बसला. "इतकी वर्षं तुम्हाला मालकीणबाई म्हणतोय," तो म्हणाला. "सवय आहे."

छिनबाईंनी माडी थानला भाड्यानं दिली आणि दोघं बसनं एका सिमेंट कारखान्याच्या शहरात गेले. तिथं नदी करड्या रंगाची आहे, आणि एक डोंगर होता तो कारखान्यानं केव्हाच संपवलाय. लग्ननोंदणीच्या खिडकीवरच्या बाईनं पासपोर्ट बघितला, मान वर न करता 'परदेशी' असं लिहिलं आणि शिक्का मारला. अबिलिओला इतकं बरं वाटलं की तो शब्द त्यानं दोनदा वाचला. बायको इथलीच म्हणून मुक्कामाचा परवानाही मिळाला. आता ते बाजारामागच्या दोन खोल्यांत राहतात. खर्च निम्म्यावर आलाय, त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि छिनबाई माजोंगमध्ये हरायला लागल्यात, निदान तसं दाखवतात.

त्या शहराचं नाव इथं मुद्दामच दिलेलं नाही. तिथं दोन खोल्यांना भाडं किती पडत असेल, हा प्रश्न वाचकांच्या मनात एव्हाना येऊन गेलं असणार.