ऑफिसातून परस्पर

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता तपासनीस ऑफिसातून बाहेर पडला, पॅसेज ओलांडून हॉलमध्ये आला, बूट चढवले आणि दाराची मूठ धरून दार ओढलं. दार हललं नाही. त्यानं पुन्हा जोर लावून ओढलं. तेव्हा पलीकडे काहीतरी खडखडलं. बाहेरून कुलूप होतं.

आता ऑफिस आणि हॉल यांच्यामध्ये नुसता एक पॅसेज कसा, हे सांगायला हवं. तपासनीस विमा कंपनीत होता. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या घरात पाणी शिरलं की भरपाईचे अर्ज याच्याकडे येत, आणि हा प्रत्येक अर्जाकडे संशयानं बघे. साथ आली, कंपनीनं सगळ्यांना घरी बसवलं, आणि पहिल्याच आठवड्यात यानं घराची तपासणी सुरू केली. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. साबण लवकर का झिजतो ते विचारलं. दर अर्ध्या तासाला चहा मागितला आणि तो मिळाल्यावर कप नीट विसळला होता का याची चौकशी केली. आठव्या दिवशी बायकोनं लाटणं खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "हे बघ, एक तर ऑफिसला जा, नाहीतर घरी राहा. दोन्ही एकदम मला झेपणार नाही."

तेव्हापासून तो ऑफिसला जाऊ लागला. रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट, बूट, मास्क आणि हातात डबा घेऊन तो "येतो गं" म्हणे, जिना उतरे, इमारतीला एक फेरी मारे, मागच्या जिन्यानं पुन्हा तीन मजले चढून घरात येई, आणि कुणाकडेही न बघता मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेई. नऊ ते सहा तो घरात नसे. गॅसचा सिलिंडर आला तर बायको एकटी ओढी. मावशीचा फोन आला तर "हे ऑफिसला गेलेत" असं त्याच्या दाराबाहेर उभी राहून सांगे. एकदा तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला, तर ती त्याच्या आरपार बघत भाजी चिरत राहिली. कामात व्यत्यय नको म्हणून त्याचा मोबाइल हॉलमध्येच राही. पुढे साथ गेली, लोकांचे मास्क गेले, नाटकं-सिनेमे सुरू झाले. पण कंपनीनं भाड्याचे तीन मजले कधीच सोडून दिले होते, त्यामुळे ऑफिस घरीच राहिलं आणि नियमही राहिला. मास्कही त्यानं सोडला नाही. बाहेरच्या हवेवर त्याचा तेव्हापासून विश्वास नव्हता.

आणि आज सहल होती. तीन वर्षांत चार वेळा रद्द झालेली, समुद्रावरची, चार दिवसांची सहल. सहा वर्षांच्या चिमीनं समुद्र आजवर फक्त एकाच जागी पाहिला होता. बाबांच्या ऑफिसच्या दाराच्या फटीतून लॅपटॉप दिसे, आणि मीटिंगमधल्या अर्ध्याअधिक मंडळींनी आपापल्या मागचा पसारा झाकायला समुद्राचं चित्र लावलेलं असे. त्यातल्या एका लाटेनं तिला फार छळलं होतं. ती वर उठलेली होती आणि वर्षभरात खाली पडली नव्हती.

"बाबा, खरा समुद्र हलतो का?"

"हलतो तर!"

"तुम्ही बघितलाय?"

"आपण जाऊन बघू," असं तो म्हणाला होता, आणि हे तो पाचव्यांदा म्हणत होता. या वेळी आपण शब्द फिरवला तर पोरगी पुन्हा आपल्याला काही विचारणार नाही, ही भीती त्याला खरोखर वाटत होती.

अडचण साहेबांची होती. साहेब साथीच्याच काळात रुजू झाले. ते बसत हेड ऑफिसला, दुसऱ्या शहरात. तपासनीसानं त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. कोट, टाय आणि मागं जाड पुस्तकांचं कपाट, एवढेच साहेब. त्यांनी रजेचा अर्ज एका ओळीत फेटाळला होता: 'सोमवारी महत्त्वाची मीटिंग.' तेव्हा जन्मभर लोकांचे खोटे फोटो पकडणाऱ्या या माणसानं स्वतःच एक फोटो काढला. आपल्याच खोलीतल्या भिंतीचा. लोखंडी कपाट, आणि त्यावर चिकटवलेलं, चिमीनं खडूनं रंगवलेलं निळं चित्र. सोमवारी समुद्रावर बसायचं, मागं ही भिंत लावायची, कोण तपासणार? सकाळी निघताना तो खुशीत बायकोला म्हणाला होता, "बस सव्वाचारची ना? तुम्ही पुढे व्हा. मी ऑफिसातून परस्पर येतो."

बायकोनं सांगितल्याप्रमाणे केलं. बॅगा भरल्या, हॉलमध्ये पडलेला त्याचा मोबाइल पाहून "विसरला बाई पुन्हा" म्हणत पर्समध्ये टाकला, गॅस बंद केला आणि नवरा ऑफिसला गेलेला असताना कुठलीही शहाणी बाई जे करते तेच केलं. घराला कुलूप लावलं.

तपासनीसाच्या डाव्या हातावर लॅपटॉप उघडा होता. साहेबांनी तीन वाजता अचानक मीटिंग बोलावली होती, आणि लॅपटॉपला कंपनीचं इंटरनेटचं डोंगल असल्यामुळे ती बसमधूनही ऐकता येईल असा याचा हिशेब होता. कॅमेरा आणि आवाज बंद करून, साहेबांचं भाषण कानाशी चालू ठेवून तो घरभर धावला. सहकाऱ्याला लिहावं, बायकोला फोन कर म्हणून? पण बायकोचा नंबर त्याला पाठ नव्हता. तो मोबाइलला पाठ होता. शेवटी तो हॉलच्या खिडकीशी गेला आणि गजांना नाक लावून ओरडला, "वॉचमन! अहो वॉचमन! वर बघा!"

वॉचमननं वर बघितलं. "कोण तुम्ही?"

"अहो, मी! आत अडकलोय!"

"त्या घरात कोणी नाहीये. साहेब सकाळीच ऑफिसला गेले, मी स्वतः बघितलंय. वहिनी आत्ता गेल्या. तुम्ही आत शिरलात कसे?"

"मी राहतो इथं! मीच तो साहेब!"

"साहेबांना मी दोन वर्षं रोज बघतोय," वॉचमन काठी सावरत म्हणाला. "उगाच मला शिकवू नका. पोलिसांना बोलावू का?"

तपासनीसाच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. हा माणूस साथीतच कामाला लागला होता. त्यानं खिशातला मास्क काढून तोंडावर चढवला.

"अरे, साहेब, तुम्ही होय!" वॉचमननं ताडकन सलाम ठोकला. "मग हे आधी नाही का करायचं? आज लवकर सुटलात?"

"किल्ली! दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

"वहिनींनी वरच्या काकांकडे ठेवलीय, झाडांना पाणी घालायला. पण काका दिवसा दार उघडत नाहीत. बेल पण काढून ठेवलीय त्यांनी."

वरचे काका! तपासनीसानं कपाळाला हात लावला. या माणसाचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण छत मात्र चांगलं ओळखीचं होतं. रोज अकरा ते साडेअकरा वरून धपधप, धपधप दोरीवरच्या उड्या चालत. त्याबद्दल त्यानं दोन निनावी चिठ्ठ्या काकांच्या दारात सरकवल्या होत्या. दुसरीत 'रानटी' हा शब्द होता. पण घड्याळात तीन चाळीस झाले होते आणि मानापमानाला वेळ नव्हता. त्यानं फरशी पुसायचा दांडा उचलला, स्टुलावर चढला, लॅपटॉप कपाटावर ठेवला आणि छताला जोरात तीन ठोके दिले.

ठक! ठक! ठक!

पडद्यावर साहेबांचं वाक्य मध्येच तुटलं. त्यांनी खाली पायांकडे पाहिलं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "तर, या तिमाहीत आपल्याला..."

ठक! ठक!

"माफ करा," साहेब म्हणाले, "इथं हेड ऑफिसात थोडं बांधकाम चाललंय."

दांडा हवेतच थांबला. तपासनीसानं लॅपटॉपकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. योगायोग असेल. पण धंदा संशयाचा. त्यानं अगदी हळूच एक ठोका दिला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. त्यानं दोन दिले. साहेबांच्या मागचं पुस्तकांचं कपाट एका कडेनं वितळलं आणि तिथं क्षणभर कपडे वाळत घालायची दोरी दिसली. पंचा होता तिच्यावर.

स्टुलावर उभ्याउभ्याच तो हिशेब करू लागला. साहेब वर! हेड ऑफिस वर! दोन चिठ्ठ्या, 'रानटी', सगळं वर! थांबलं तर नोकरी राहील. दुपारी मीटिंग ऐकत गप बसायचं, संध्याकाळी बायको-पोर परत येतील, कुणाला काही कळणार नाही. पावणेचार वाजले. स्टँडवर चिमी प्रत्येक येणाऱ्या माणसाकडे बघत असेल. तीन वर्षांची होती तेव्हापासून बघतेय. बास झालं! त्यानं दांडा दोन्ही हातांत धरला आणि असा काही हाणला की छताचा पोपडा त्याच्या केसांत पडला.

"पाच मिनिटं ब्रेक घेऊ," साहेब पडद्यावर दात-ओठ खात म्हणाले आणि अंतर्धान पावले.

जिन्यावर पावलं वाजली. बाहेरून वॉचमनचा आवाज आला, "काका, अहो ऐका, आत आपले साहेबच..."

"घर रिकामं आहे, मला त्या ताई स्वतः सांगून गेल्यात!" असं ओरडत कुणीतरी कुलूप काढलं. दार उघडलं. समोर साहेब उभे होते. वर कोट, टाय. खाली घरातली चप्पल. आणि चोराला मारायला उगारलेली झाडांची झारी. तपासनीस मास्क आणि दांड्यासह उभा होता. त्यानं मास्क खाली ओढला. झारीतलं पाणी हळूहळू साहेबांच्या टायवर गळत राहिलं.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "पण त्या ताई म्हणाल्या, त्यांचे मिस्टर रोज ऑफिसला जातात. मी आमच्या हिला तुमचं उदाहरण देतो!"

"तुम्हीसुद्धा हेड ऑफिसला असता, सर."

वॉचमन दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

"हिची शाळा इथं आहे," साहेब एकदम पडेल आवाजात म्हणाले. "शिकवते ती. तिकडे एकटं राहवेना हो मला. कंपनीला कळलं तर..." मग त्यांची नजर तपासनीसाच्या बुटांवर गेली. "तुम्ही कुठं निघालात?"

खोटं बोलायला उसंत नव्हती. "समुद्रावर. बस सव्वाचारची. मुलीनं समुद्र बघितला नाहीये, सर. तो हलतो का म्हणून विचारते."

"रजा मंजूर करणं माझ्या हातात नाही. वरून मनाई आहे."

"माहितीये, सर."

"मग उभे काय राहिलात?" साहेब ओरडले. "लॅपटॉप घ्या! माझी स्कूटर खाली आहे!"

ती स्कूटर दोन वर्षं फक्त भाजी आणायला बाहेर पडली होती. त्या दिवशी ती उडाली. साहेबांचा ओला टाय मागं बसलेल्याच्या तोंडावर फडफडत होता आणि साहेब प्रत्येक वळणावर "धरा, धरा, घट्ट धरा!" असं ओरडत होते. इतके खूश ते एकाही मीटिंगमध्ये दिसले नव्हते. मांडीवरच्या लॅपटॉपमधून सहकारी विचारत होते, "साहेब आले का? ब्रेक संपला का?" कंडक्टर घंटी मारणार एवढ्यात स्कूटर बसला आडवी झाली.

"ऑफिसातून यायला एवढा उशीर?" बायको दारातून ओरडली. मग तिनं स्कूटरकडे पाहिलं. "अगबाई, वरचे काका! तुम्ही कसे? यांच्या ऑफिसवरून जात होतात का?"

"हो," काका म्हणाले. "वाटेवरच आहे."

बायकोला खरं काय घडलं ते बस शहराबाहेर पडल्यावर कळलं. ती आधी हसली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसली. शनिवारी सकाळी चिमी किनाऱ्यावर पोचली, पाण्यापासून दहा पावलांवर थांबली आणि एका लाटेकडे टक लावून उभी राहिली. लाट उठली, वाकली आणि धाडकन पडली. चिमीनं अशी काही किंकाळी फोडली की दोन कुत्री पळाली. "हलतो! बाबा, हलतो! खाली पडतो!" तपासनीसानं काहीही तपासलं नाही. बुटांसकट पाण्यात शिरला.

सोमवारी अकराच्या मीटिंगला तो हॉटेलच्या गॅलरीत बसला. मागं आपली भिंत लावली, लोखंडी कपाट, निळं चित्र, सगळं जागच्या जागी. मीटिंग सुरू झाली आणि साहेब पडद्यावर आले. त्यांच्या मागं पुस्तकं नव्हती. लोखंडी कपाट होतं. त्यावर निळं चित्र होतं.

"सर," भरती विभागाच्या बाई म्हणाल्या, "तुम्हा दोघांच्या मागं एकच कपाट कसं?"

"हेड ऑफिसनं ठरवून दिलंय," साहेब पापणी न हलवता म्हणाले. "यापुढे सगळ्यांना हेच." तपासनीसानं सगळ्यांना फोटो पाठवला आणि दहा मिनिटांत बाराच्या बारा चौकोनांत चिमीचं चित्र झळकलं. चिमीनं लॅपटॉपमध्ये डोकावून ते मोजले आणि खूश होऊन पुन्हा पाण्याकडे पळाली.

मग फक्त तपासनीसाला एक ओळ आली. 'झाडांना पाणी घातलं. पेंटर शनिवारपासून वर आहे, म्हणून इथं येऊन बसलो. पण अहो, तुमच्याकडे वरून केवढी धपधप येते! आमची ही रोज सुट्टीत येऊन उड्या मारते, वर हेडफोनमुळे मला कधी कळलंच नव्हतं. कसं सहन करता?'

तपासनीसानं थोडा विचार केला आणि टाइप केलं, 'सर, दांडा दाराच्या मागं आहे. तीन ठोके द्या.'

पडद्यावर साहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि दाराच्या मागून दांडा काढला. मग बाकी सगळ्यांची भिंत स्तब्ध असताना, त्यांच्या एकट्याच्याच मागचं खरंखुरं कपाट ठोक्यांनी हादरू लागलं.