लंकाबाईंनी सारवलेली भिंत

उज्ज्वलाताईंना त्या दिवशी दोनच काळज्या होत्या. भिंत दिसत नव्हती आणि सर येत होते.

भिंत होती, यात शंका नव्हती. जुन्नरजवळ कुकडीच्या काठी, दादाभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात दोन महिने त्या उत्खनन करत होत्या. दोन हजार वर्षांपूर्वीचं एक घर लागलं होतं, घरात एक चूल आणि घराच्या मधोमध कमरेएवढी उंच, कच्च्या विटांची एक आडवी भिंत. पण वीट मातीची, सांधा मातीचा आणि भोवतीही मातीच. कुठली वीट कुठं संपते ते कळेना. भिंत घराबरोबरच बांधली की मागाहून घातली, हे सांगता आलं नाही, तर चर बुजवून टाका, असं या कामाचे प्रमुख डॉ. केळुसकर सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

सरांना आणायला नारायणगावला निघताना उज्ज्वलाताईंनी लंकाबाईंना हाक मारली. खोदकामावरच्या बायकांत त्यांचा हात सगळ्यांत हलका.

"लंकाबाई, मोठे साहेब येतायत. तेवढी भिंत नीट करून ठेवा. अगदी स्वच्छ दिसली पाहिजे."

"तुमी निवांत जावा म्याडम. पावणं येनार म्हनल्यावर ह्ये काय सांगाया लागतंय व्हय?"

ब्रशनं धूळ झाडा, एवढंच ताईंना म्हणायचं होतं. पण तसं त्या बोलल्या नाहीत, आणि सरांची एसटी अडीच तास उशिरा आली.

दुपारी दोघं चराशी पोचले तेव्हा भिंत उन्हात झळकत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत सारवलेली, वर बोटांनी काढलेल्या अर्धगोल रेघा. ताज्या शेणाचा वास दरवळत होता. ताईंनी डोक्याला हात लावला. सरांना मात्र जबरदस्त सर्दी झाली होती. त्यांना वासबिस काही आला नाही. ते थेट चरात उतरले.

"उज्ज्वला! हे तू फोनवर सांगितलं नाहीस?"

"सर, त्याचं असं आहे..."

"थांब. बोलू नकोस." सर गुडघ्यांवर बसले. "मूळ सारवण! दोन हजार वर्षं जसंच्या तसं! ही बोटं बघ. गृहिणीची बोटं!"

ताई पुन्हा बोलायला गेल्या, तोवर सरांनी सहा फोटो काढून देशभरातल्या बेचाळीस अभ्यासकांच्या ग्रुपवर पाठवलेसुद्धा. मोबाईल टुणटुण वाजू लागला. हैदराबादहून अभिनंदन आलं. बडोद्याहून हात जोडलेले आले.

"सर, कृपा करून आधी माझं ऐका."

"एक मिनिट. रेघेचा कल बघ. उजवीकडून डावीकडं ओढलीय. म्हणजे ही बाई डावखुरी होती!"

वर काठावर उभ्या असलेल्या लंकाबाईंचा चेहरा उजळला. "सायबांनी बराबर वळखलं बगा! मी डावरीच हाय. घरात सगळी हसत्यात मला."

सरांनी मान वर केली. मोबाईल तेवढा वाजत राहिला.

"म्हणजे... हे तुम्ही...?" सरांनी विचारलं.

"मंग! सकाळीच सारावलं. म्याडम लई राबत्यात, म्हनलं पावन्यापुढं त्यांची मान खाली जाया नको."

सर लालबुंद झाले. पण समोरची बाई इतक्या मायेनं हसत होती की ओरडायचं कुणावर, हेच त्यांना सुचेना. ते मातीच्या ढिगावर बसले आणि थोड्या वेळानं त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "वरील सारवण आज सकाळचं आहे. क्षमस्व." मग ताईंकडं न बघता म्हणाले, "काढा ते. आणि संध्याकाळी चर बुजवायला घ्या."

ताईंनी बांबूच्या पातीनं सारवणाचा पापुद्रा हळूहळू सोडवायला घेतला. लंकाबाईही खाली उतरल्या, चूक काय झाली ते नीटसं न कळताच ओशाळून मदत करू लागल्या. हातभर भाग मोकळा झाला आणि ताईंचा हात थांबला.

"सर... जरा बघता?"

सारवणातलं पाणी पिऊन विटा काळपट झाल्या होत्या. सांध्यांतली राखमिश्रित माती फिकी राहिली होती. दोन महिने जी वीट दिसत नव्हती ती आता ओळीनं मोजता येत होती. सर रांगत रांगत कोपऱ्यापर्यंत गेले. घराच्या बाहेरच्या मोठ्या भिंतीच्या विटांत या आडव्या भिंतीची एकही वीट गुंतलेली नव्हती. ती नुसती टेकवलेली होती.

"मागाहून घातलीय," सर पुटपुटले.

"वाटनी झाली आसंल," लंकाबाई सहज म्हणाल्या. "ह्या अंगाला चूल घावलीया न्हवं? मंग त्या अंगाला बी आसनार. चूल येगळी झाल्याबिगर घरात भिंत कोन घालतंय?"

"बाई, आम्ही असं लगेच म्हणत नाही. पुरावा लागतो."

"मंग खना की."

चर बुजवायचा राहिला. सर एका दिवसासाठी आले होते, ते चार दिवस राहिले. चौथ्या दिवशी भिंतीच्या पलीकडं राख लागली, मग भाजलेली माती, मग अख्खी चूल. आणि दोन चुलींच्या बरोबर मध्ये, भिंतीत एका विटेएवढं, मातीनं बुजलेलं आरपार भोक. कडा काजळीनं काळ्या झालेल्या.

"झरोका?" ताई म्हणाल्या.

"एवढ्या खाली?" सर म्हणाले. दोघांनीही लंकाबाईंकडं पाहिलं.

"चुलीतला इस्तू द्या-घ्याया," त्या म्हणाल्या. "भावाभावांचं बिनसलं आसंल. जावाजावांचं न्हाई. आमच्या घरात बी हाय की आसं भोक. माजी जाऊ प्रयागबाई त्यातनं भाकरीसंगं कोरड्यास देती मला."

सरांनी टोपी काढली आणि दोन्ही हात जोडले. "लंकाबाई, तुम्ही नसता तर आम्ही हे घर बुजवून गेलो असतो." लंकाबाईंना एवढं अवघडल्यासारखं झालं, की त्यांनी पदरानं उगाच तोंड पुसलं.

अहवाल छापून आला तेव्हा उज्ज्वलाताई तो घेऊन मुद्दाम त्यांच्या घरी गेल्या. ओसरीवर बसून त्यांनी ते पान वाचून दाखवलं. भिंतीचा अर्थ लंकाबाईंनी लावला, असं सरांनी त्यांच्या पूर्ण नावानिशी लिहिलं होतं. पुढं दोन जावांविषयी तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एकदा 'बहुधा'.

लंकाबाईंनी ते ताईंकडून दोनदा वाचून घेतलं.

"लई ग्वाड लिवलंय. पर त्या दोघींची नावं न्हाई घातली?"

"त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत हो."

लंकाबाईंनी त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं.

"आसूंद्या," त्या म्हणाल्या. "भोकातनं नावानं हाका तर मारत आसतील येकमेकींला."