वासुदेवरावांच्या घरचं विलायतेतलं मत

आकांक्षाचा फोन आला तेव्हा वासुदेवराव वांगी कॅरेटमध्ये भरत होते. ही त्यांची एकुलती एक मुलगी. सेवाग्रामला नर्सिंग शिकली आणि तीन वर्षांपूर्वी विलायतेत नोकरीला लागली.

"बाबा, मले इथं वोट देता येते म्हंते."

"तुले? तू कधीपासून त्याइची झाली?"

"त्याइची नाई झाली. पासपोर्ट आपलाच हाय. पन भारतातला मानूस इथं कायदेशीर राहून राह्यला असन, तं त्याले वोट देता येते. नाव नोंदवलं मी. काल एक उमेदवार दारावर आलता."

"किती गाड्या घेऊन?"

"एकटाच. छत्री घेऊन."

"मंग तो पडते," वासुदेवराव म्हणाले आणि कॅरेटचं तोंड बांधलं.

इथेच त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पुलगावच्या बाजारात वांगी उतरवावीत, घरी येऊन जेवावं, आडवं व्हावं. पण काही माणसांना सुखाचा जीव दुःखात घातल्याशिवाय अन्न पचत नाही. परत येताना ते कैलासच्या चहाच्या टपरीवर थांबले आणि ही बातमी सांगून बसले.

नाचणगावात मतं माणशी मोजत नाहीत, घराप्रमाणे मोजतात. 'अमक्याच्या घरी चार, तमक्याच्या घरी सात' असा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. संध्याकाळपर्यंत गावाने वासुदेवरावांच्या घरचा हिशोब दुरुस्त केला: गावात दोन, विलायतेत एक. आणि मत आहे म्हटल्यावर ते कुणाला द्यायचं हे पोरीने ठरवायचं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातही आली नाही. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर बैठक भरू लागली.

"विलायतेच्या त्या चष्मेवाल्या प्रधानमंत्र्याले देऊ नको मना पोरीले," कैलास चहा गाळत म्हणायचा. "हासतच नाई तो. सरपंच असा असला तं कोन जाईन त्याच्याकडं काम घेऊन?"

"आन् त्याइचा मांगचा प्रधानमंत्री कसा होता? हारला, तं दुसऱ्या दिवशी सामान घेऊन सरकारी बंगला खाली! आपल्या मांगच्या सरपंचाची मुदत सरून सहा महिने झाले, पंचायतीची खुर्ची अजून त्याच्या अंगणात हाय."

"मंग तो विलायतेवालाच खरा कमजोर, भाऊ. एवढ्या लवकर कोनी सोडते का?"

वासुदेवरावांना पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी लोक वावरात येऊ लागले. चौथ्या दिवशी वांगी झाडावर जून झाली, कारण मालक बांधावर उभा राहून लंडनचं बजेट ऐकत होता.

त्यात घरातलं निराळंच. दीड महिन्यावर ग्रामपंचायतीची निवडणूक होती. वॉर्डातून जयवंताबाई, म्हणजे वासुदेवरावांची बायको, उभी होती. समोर रूपराव गुरुजींची सून. गुरुजी रिटायर हेडमास्तर. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेले, त्यामुळे अर्धी मतं त्यांची. लढत एवढी अटीतटीची की जयवंताबाई रोज सकाळी दारोदार हिंडत होती.

"अवो, तुमी विलायतेचं सोडा आन् माह्यासोबत चार घरं फिरा," ती रोज म्हणायची.

"येतो नं, हे कॅरेट झाले की येतो," ते म्हणायचे आणि टपरीवर जायचे.

पाचव्या दिवशी स्वतः रूपराव गुरुजी टपरीवर आले. बसण्याआधीच त्यांनी निकाल देऊन टाकला.

"हे तत्त्वानं चूक हाय, वासुदेवराव. चार दिसाच्या पाव्हन्यानं घरचा कारभारी ठरवाचा?"

"पाव्हनी नाई गुरुजी ती. तीन वर्सं झाले. तिथल्या म्हाताऱ्या-कोताऱ्याइचं हागमूत काढते. पगारातून टॅक्स कापते तिच्या."

"टॅक्स देल्ल्यानं वोट भेटत नाई. जो जिथं जन्मला, तिथं त्याचा वोट. बाहेरच्याले काऊन?"

वासुदेवराव उठून उभे राहिले. पोरीचा विषय होता, डोकं फिरलं.

"जिथं मानूस राबते, तिथं त्याचा वोट! मंग तो कुठचाबी असो. लिहून देतो मी!"

बाकाच्या टोकाला प्रेमदास चहा पीत होता. तो वासुदेवरावांच्याच वावरात झोपडी करून राहायचा. बालाघाटकडचा माणूस, सात वर्षांपूर्वी बायको धुरपताला घेऊन वीटभट्टीवर आला आणि इथेच राहिला. त्याने कप खाली ठेवला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा होता. हातात मतदार नोंदणीचा फॉर्म. घडीवर इतका झिजलेला की चार तुकडे व्हायचेच बाकी.

"भाऊ, काल बोले थे ना, लिहून देतो मनून. तं द्या लिहून. हा मानूस माह्या वावरात राहते, एवढंच. आन् लाईटबिलाची झेरॉक्स."

हा फॉर्म वासुदेवरावांच्या चांगल्याच ओळखीचा होता. तीन वर्षं प्रेमदास तो घेऊन येत होता आणि तीन वर्षं वासुदेवरावांचं उत्तर एकच होतं: "वांगे तोडनं होऊ दे, मंग पाहू." वांगी संपली की मेथी यायची, मेथी संपली की पुन्हा वांगी. वासुदेवराव काही दुष्ट नव्हते हो. पण धुरपता गुरुजींच्या घरी धुणीभांडी करायची. त्या झोपडीतली दोन मतं कुठे जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं, आणि आपल्या हाताने आपल्याच बायकोच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

"सात वर्सं झाले भाऊ," प्रेमदास म्हणाला. "पान्याच्या टाकीचं सांगाले गेलतो पंचायतीत. तं म्हंते, तू कोन? यादीत कुठं हाय तू?"

आता माघार कशी घेणार? सगळ्या टपरीने ऐकलं होतं. बिल जयवंताबाईकडे मागावं लागलं, कारण घर, वावर, मीटर सगळं तिच्या नावावर. बाईच्या नावाने घेतलं की नोंदणीला खर्च कमी येतो म्हणून त्यांनीच तसं केलं होतं. तिने डब्यातून बिल काढून दिलं.

"मले मांगतलं असतं तं तीन वर्सांपयलेच देल्लं असतं," ती म्हणाली.

वासुदेवरावांनी सही केली. दोन मतं गेली म्हणून ते दिवसभर जेवले नाहीत.

पण तिकडे गुरुजींचीही पंचाईत झाली. ही दोन मतं आपली, हे त्यांनाही ठाऊक होतं. गप्प बसले असते तर निभलं असतं. पण टपरी गप्प बसू देईल तर ना!

"गुरुजी, प्रेमदास तं बाहेरचा हाय नं?" कैलासने भर लोकांत विचारलं. "मंग त्याच्यावर हरकत नाई का घेत? का तत्त्व फक्त विलायतेपुरतंच हाय?"

गुरुजींनी आयुष्यभर पोरांना तत्त्व शिकवलेलं. गेले, आणि आपल्याच दोन मतांवर लेखी हरकत देऊन आले. ती फेटाळली गेली. हरकत कुणाची ते प्रेमदासला कळायचं ते कळलंच.

गुरुजी चिडले. दोन दिवसांनी पुन्हा टपरीवर.

"जिथं राबते तिथं वोट ना, वासुदेवराव? मंग तुमची पोरगी राबते तिथं, आन् नाव आपल्या यादीतबी? म्हंजे दुबार मतदार! तत्त्व फक्त दुसऱ्यालेच का?"

"आत्ता काढतो नाव! आत्ताच्या आत्ता!"

यादीचं काम अंगणवाडीच्या शालूताईंकडे होतं. त्या समोरूनच चालल्या होत्या. वासुदेवरावांनी त्यांना हाक मारली, नाव वगळण्याचा फॉर्म मागून घेतला आणि कैलासच्या बिस्किटाच्या बरणीवर ठेवून भरायला बसले. तेवढ्यात कुणीतरी मोबाईलमध्ये पाहून सांगितलं की विलायतेचा राजा स्वतः मतच देत नाही.

"राजाच देत नाई? आन् आपली आकांक्षा देते?"

"पाहा!" गुरुजी म्हणाले. "राजा समजदार हाय."

"समजदार कायचा! वोट नाई त्या मानसाले कोन पुसते?" वासुदेवराव लिहिता लिहिता ओरडले. वर अर्जदाराचं नाव, त्यांनी ठणठणीत अक्षरात स्वतःचं लिहिलं. खाली ज्याचं वगळायचं त्याचं नाव. तेव्हा गुरुजी पुन्हा काहीतरी बोलले, आणि हात ज्या नावावर बसला होता तेच पुन्हा लिहून मोकळा झाला.

"भाऊ, नीट पाहून भरलं नं?" शालूताईंनी विचारलं.

"चाळीस वर्सं झाले फारम भरून राह्यलो, शालूताई. न्या."

आठवड्याने घरी नोटीस आली. वासुदेवरावांनी पाकीट फोडलंसुद्धा नाही. "पोरीचं नाव काढल्याचं असन. ठेव डब्यात," म्हणाले.

मतदानाच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून वासुदेवराव शाळेत गेले. रांगेत तासभर उभे राहिले. पुढे प्रेमदास आणि धुरपता होते. दोघंही शाई लावून बाहेर आले आणि बोटाकडे बघत बघत गेले. मग टेबलावरच्या माणसाने यादीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"तुमचं नाव नाही."

"असं कसं? पाहा नं पुन्हा."

"जयवंता वासुदेव आहेत, त्या करून गेल्या. आकांक्षा वासुदेव आहेत. त्या आल्यात का?"

"ती विलायतेत हाय."

"आणि तुम्ही?"

"मी इथं हाय नं! तुमच्यासमोर!"

"यादीत नाही, काका. बाजूला व्हा."

घरी येऊन त्यांनी डब्यातलं पाकीट फोडलं. वाचलं. मग अंगणात खाटेवर बसून राहिले. तेवढ्यात आकांक्षाचा फोन आला. तिकडचीही निवडणूक आदल्याच आठवड्यात झाली होती.

"बाबा, आईले देल्लं का वोट?"

"तू कोनाले देल्लं, ते सांग पयले."

"मी? मले कुठं जमलं बाबा. बारा घंट्याची ड्युटी लागली त्या दिवशी. घरी आली आन् झोपली."

वासुदेवरावांनी फोन ठेवला.

मोजणी दुसऱ्या दिवशी तालुक्याला, देवळीला झाली. जयवंताबाई दोनशे अकरा, गुरुजींची सून दोनशे अकरा. एका मताने घोडं अडलं होतं आणि ते मत वासुदेवरावांनी स्वतःच्या हाताने, ठणठणीत अक्षरात खोडलं होतं. जयवंताबाईने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी जयवंताबाईची निघाली. ढोल वाजले, गुलाल उधळला. गुरुजी प्रेमदासकडे बघत राहिले आणि प्रेमदास आपल्या बोटाकडे.

आठ दिवसांनी वासुदेवराव नवीन मतदाराचा फॉर्म घेऊन बायकोसमोर उभे राहिले. ओट्यावर नालीची तक्रार घेऊन आलेले पाच-सहा जण बसलेले होते, म्हणून जरा हळू आवाजात म्हणाले,

"अवं, ते लाईटबिल दे न. आन् चिठ्ठी एक."

"कायले?"

"इथं राहतो मनून पुरावा मांगतला शालूताईनं. आधारवर पत्ता जुन्या घरचा हाय माह्या."

जयवंताबाईने फॉर्म हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि नीट घडी घालून त्यांच्या हातात परत दिला.

"वांगे तोडनं होऊ द्या," ती म्हणाली, "मंग पाहू."

वासुदेवराव टोपलं घेऊन वावरात गेले. शेजारच्या ओळीत प्रेमदास वांगी तोडत होता. त्याने वासुदेवरावांच्या खिशातून डोकावणारा कागद पाहिला.

"भाऊ," मग तो म्हणाला, "प्लास्टिकच्या पन्नीत ठेवजा. घडीवर फाटते."