अखेरच्या दरीची बखर

श्री. दिव्याच्या ज्योतीस नमन, आणि डोळ्यांतील ज्योतीस त्याहून अधिक नमन, कां की दिव्यात पुन्हा तेल घालता येते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, आश्विन मासी, कोणा एका राज्यी जे घडले ते येथे लिहिले आहे. राज्य म्हणावे तर तीन खोल्या आणि एक गच्ची, इतकाच मुलूख. तेथे राजश्री मुकुंदराव एकटेच राज्य करीत होते. वय पन्नाशीस टेकलेले, हट्ट मात्र लेकराचा. त्यांची वडील बहीण अक्कासाहेब परमुलखी सासरी नांदत होत्या. त्यांचे डोळ्यांस रोग जडला, नजर कडेकडेने विझत चालली, आणि मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले, आणि सांगितले जे, होळीपावेतो दिसेल तितके पाहोन घ्यावे. मग अक्कासाहेबी भावास फोन केला. म्हणाल्या, "मुकुंदा, मला देवदर्शन नको आणि काही नको. आपला तो बंदिवान खेळायचाय. शेवटच्या दरीपलीकडे काय आहे ते एकदा बघू दे मला."

बंदिवान कोण, हे सांगणे प्राप्त आहे. उभयता लहान असता वडिलांनी कचेरीचा कॉम्प्युटर घरी आणिला होता, आणि त्यात एक खेळ होता. कोणी बंदिवान भुयारी किल्ल्यातून सुटोन पळे, धापा टाकी, अडखळे, हुबेहूब जित्या माणसासारखा. आणि वाटेत दऱ्या येत, त्या उडी मारोन ओलांडाव्या, आणि चुकला की तळास पडोन मरे. कीबोर्ड एक आणि भावंडे दोन, म्हणोन तह ठरला. पळविणे अक्कासाहेबांकडे, उडी मुकुंदरावांकडे, आणि अक्कासाहेबी "हां" म्हणताच मुकुंदरावांनी बटण दाबावे. बंदिवानाची खोड ऐसी की हुकूम झाला तरी एक पाऊल आणखी टाकी आणि मग उडे; ते पाऊल हिशेबात धरोन अक्कासाहेब काठाच्या अलीकडेच हाक देत. ऐसे पडत, मरत, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालीत उभयता अखेरच्या दरीपाशी पोहोचली, तोंच वडिलांची बदली झाली, आणि कचेरीने कॉम्प्युटर माघारा नेला, आणि पलीकडचा काठ राहोन गेला तो गेलाच.

आता बहिणीचा शब्द आला म्हणताच मुकुंदरावांनी नव्या जमान्याचे खेळयंत्र खरेदी केले आणि टीव्हीस जोडिले. तोच खेळ त्यावर नव्या साजाने मिळत होता. अक्कासाहेबांची स्वारी येण्यास एक दिवसाचा अवकाश होता. तेव्हा "यंत्र चालते की नाही एवढेच पाहू" ऐसे मनाशी बोलोन मुकुंदराव दुपारी जेवण उरकोन बसले. पहिल्याच दरीत बंदिवान पडला. खेळ रचणाऱ्या कारभाऱ्यांनी नव्या आवृत्तीत ते जादा पाऊल काढोन टाकिले होते. हुकूम होताच उडे, आणि अलीकडोन उडाला म्हणजे मध्येच गचके. मुकुंदरावांस चेव चढला. हात शिवशिवू लागले. काठावर जावोन मगच बटण दाबावे हे ध्यानी आले, आणि मग एकामागोन एक दऱ्या सर होत गेल्या, आणि थांबावे, थांबावे म्हणता दिवेलागणीस अखेरची दरीही ओलांडली. तेव्हा भानावर आले. घरातच फितूर जाहला, आणि फितूर आपणच, हे कळोन घास गोड लागेना. मग खेळ आरंभापासोन लावोन ठेविला, जणू कोणी शिवलेच नाही.

दुसरे दिवशी अक्कासाहेब दाखल झाल्या. टीव्हीच्या अगदी पुढ्यात सतरंजीवर बसल्या, कंट्रोलरची डावी बाजू त्यांनी धरिली आणि उजवी मुकुंदरावांनी. पहिली दरी आली. अक्कासाहेबी जुन्याच मापाने हाक दिली, "हां." मुकुंदराव एक पाऊल थांबले, मग बटण दाबिले, आणि बंदिवान पार झाला. अक्कासाहेब पोरीसारख्या हसल्या. दुसरी दरी झाली, तिसरी झाली, आणि हसू कमी कमी होत गेले. मग अक्कासाहेबी हात काढोन घेतला.

"मुकुंदा, आपण एकदाही पडलो नाही रे."

"तुझी हाक अजून तशीच आहे, अक्का."

"तशीच आहे, म्हणूनच म्हणते. मी हां म्हटल्यावर तू थांबतोस. कधी थांबला होतास लहानपणी?" मग हलकेच विचारिले, "कुठवर गेलास?"

मुकुंदराव म्हणाले, "शेवटपर्यंत. काल."

अक्कासाहेब रागे भरत्या तर बरे होते. त्या म्हणाल्या, "पहिल्या दरीत पडलो असतो तरी चाललं असतं. दोघं मिळून पडलो असतो."

मुकुंदराव काकुळतीस आले. "पुन्हा खेळू, अक्का. मी डोळे मिटतो, तू एकटी बघ."

"नको. तू बघितलंयस ना, मग तूच सांग." आणि अक्कासाहेबी डोळे मिटोन घेतले. "होळीनंतर असंच चालायचंय. आजपासून सवय करते."

मग मुकुंदराव सांगो लागले, पहाट असते, किल्ला मागे राहतो, पुढे एक नदी असते. अक्कासाहेबी विचारिले, "कसल्या रंगाची?" आणि मुकुंदरावांस नदीचा रंग आठवेना. चोरट्या घाईत पाहिले होते, रंग पाहिलाच नव्हता. मग म्हणाले, "निळी." अक्कासाहेब म्हणाल्या, "बरं."

इतके वर्तमान. होळी झाली आणि अक्कासाहेबांची नजर गेली. येणाऱ्याजाणाऱ्यास त्या सांगतात की त्या किल्ल्यापलीकडे निळी नदी आहे, माझ्या भावाने पाहिली आहे. मुकुंदराव फोनवर ऐकतात आणि हो म्हणतात. यंत्र लावोन खरा रंग पाहावा, इतकी त्यांची छाती अद्याप झाली नाही.