शिक्षक बदलून मिळणेबाबत

शनिवारी वर्ग सुटताना किस्मतीने एक फुलस्केप कागद हेमचंद्र धैर्यवानांपुढे ठेवला. "सर, अर्ज लिहिलाय. जरा चुका बघता काय?"

हेमचंद्रांना भरून आलं. परप्रांतातून आलेल्या आईबापांनी मुलांना घेऊन मराठी शिकावं, म्हणून गिरगावातल्या सुबोध मंडळाने 'मायलेक वाचनवर्ग' काढला, त्याला सहा महिने झाले होते. बोटीच्या कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले हेमचंद्र तिथे विनामूल्य शिकवत. किस्मती जौनपूरची, वाडीच्या तोंडाशी नवऱ्याबरोबर कपड्यांना इस्त्री करायची आणि नऊ वर्षांच्या काजलला घेऊन वर्गाला यायची. आजवर कोणी आपणहून दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, आणि हिने पानभर अर्ज आणला होता! हेमचंद्रांनी लाल पेन उघडलं.

"'विषय : शिक्षक बदलुन मिळणेबाबत.' अहो, 'लू' दीर्घ! कितीदा सांगितलं? पुढे काय... 'सर लय बोलतात.' छे! अर्जात असं लिहीत नाहीत. 'शिक्षक अवांतर भाषणात वेळ दवडतात.' हं. 'दोन तासात सव्वा तास स्वताच्या हाफिसच्या गोष्टी सांगतात.' 'स्वतः'चा विसर्ग कुठे गेला? आणि शेवटच्या वाक्याआधी 'सबब' घाला, वजन येतं." मग त्यांनी मान वर केली. "पण कोण हा माणूस? काजलच्या शाळेतला का?"

किस्मती पदराशी चाळा करू लागली. काजल म्हणाली, "तुम्हीच, सर."

"रागावू नका," किस्मती घाईने म्हणाली. "हिच्या शाळेची नोटीस आली, मला वाचता नाही आली. सही राहिली. पोरगी सहलीला गेलीच नाही. मी तुम्हाला विचारायला आणली होती नोटीस, पण तुम्ही मद्रासच्या बोटीची गोष्ट सांगत होता."

हेमचंद्रांचे कान तापले. कागद फाडावा असं एक क्षण वाटलंही. पण नऊ चुका सुधारून झाल्या होत्या आणि दहावी समोर दिसत होती.

"खाली 'आपली विश्वासू' राहिलंय," ते कोरडेपणाने म्हणाले. "फेअर करून मंडळात द्या."

घरी सरोजिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला काढायचा अर्ज तुम्हीच शुद्ध करून दिलात?"

"मग अशुद्ध जाऊ देऊ? वर माझ्या वर्गाचं नाव आहे!"

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षा इरावती त्रिलोकेकरांनी अर्ज दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "हे त्या लोकांनी लिहिलेलं नाही. 'अवांतर'! 'सबब'! माझ्या सुनेला 'सबब' येत नाही, तर इस्त्रीवालीला कुठून येणार? सहा महिन्यांत हे अशक्य आहे. कोणीतरी फूस लावलीय. अर्ज फेटाळू या. हेमचंद्र, तुम्ही निर्धास्त राहा."

हेमचंद्रांना सुटल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही. 'अशक्य' हा शब्द त्यांना टोचू लागला.

"म्हणजे माझ्याकडे सहा महिने बसून माणसाला साधा अर्ज लिहिता येत नाही?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे! अर्ज अस्सल आहे."

"अस्सल असेल तर तुम्हाला जावं लागेल."

"तो मुद्दा वेगळा. आधी माझी विद्यार्थिनी खोटी नाही, हे मान्य करा. बोलवा तिला!"

किस्मती हातातली इस्त्री ठेवून आली, मागोमाग काजल. इरावतीबाईंनी मंडळाचा वार्षिक अहवाल उघडला. तो त्यांनी स्वतः लिहिला होता. "'परप्रांतीय बंधुभगिनींच्या उन्नतीसाठी मंडळ अहोरात्र झटत आहे.' लिही."

किस्मतीने सावकाश लिहिलं. इरावतीबाईंनी तो कागद अहवालाशेजारी धरला आणि त्यांचा चेहरा खुलला. "चूक! 'परप्रांतिय'मध्ये 'ति' पहिली. हिने दुसरी काढलीय."

"दुसरीच पाहिजे, मॅडम," किस्मती म्हणाली. "सरांनी एक अख्खा शनिवार शिकवलंय. आणि हा शब्द आम्ही रोज ऐकतो, त्यामुळे ध्यानात राहिला."

एका सभासदाने कपाटातून शब्दकोश काढला, पान शोधलं आणि बाईंसमोर ठेवला. हेमचंद्र खुर्चीतून अर्धे उठले होते. बोटीच्या कंपनीने घड्याळ देऊन निरोप दिला, त्या दिवशीही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

इरावतीबाईंनी शब्दकोश मिटला. "उत्तम! म्हणजे या बाई साक्षर झाल्या. वर्गाचा हेतू सफल. अहवालात 'शंभर टक्के यश' असं लिहू. सबब, वर्ग समाप्त. सोमवारपासून हॉल झुंबाला देता येईल, माझी भाची केव्हाची मागतेय."

ठराव एकमताने मंजूर झाला.

जिन्यात तिघं थांबली. "आम्ही सर बदलून मागितले," किस्मती म्हणाली, "ह्यांनी वर्गच उचलून नेला!"

"परत अर्ज करायचा, सर?" काजलने विचारलं.

"नको!" हेमचंद्र पटकन म्हणाले.

किस्मतीने थोडा विचार केला. "चार वाजता गिऱ्हाईक कमी असतं. टेबलापाशी येत जा. मी जो कागद काढीन तेवढाच शिकवायचा. जमेल?"

अभ्यासक्रम कोणी असा तोंडावर सांगण्याची हेमचंद्रांना सवय नव्हती. त्यांनी एक पायरी उतरून पाहिली, परत चढले आणि म्हणाले, "जमेल."

पण धैर्यवानांनी रोज भर रस्त्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं म्हणजे वाडीत चर्चा होणार. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी दोन सदरे बरोबर नेले. रेशनकार्डाचा फॉर्म झाला, इस्पितळाची चिठ्ठी झाली, वीज कंपनीची सूचना झाली. टेबलाभोवती आता किस्मतीच्या ओळखीच्या तीन बायकाही उभ्या राहू लागल्या. पंधरा दिवसांत धैर्यवानांच्या घरातले पडदे, उशांचे अभ्रे, इतकंच काय, हातरुमालसुद्धा कडक झाले. इस्त्रीला न्यावं असं घरात काही उरलं नाही.

सोळाव्या दिवशी पावणेचारला सरोजिनीबाई बाहेरच्या खोलीत आल्या, तर हेमचंद्र दाराआड उभे राहून घडीचा सदरा दोन्ही हातांनी चुरगाळत होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरोजिनीबाई आत गेल्या आणि हातात एक बोळा घेऊन परत आल्या.

"तो ठेवा," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा माझी ही साडी न्या. ही खरंच चुरगळलीय."