मागच्या सतरंजीपर्यंत न पोचणारा डबा

"गुन्हेगार माझं नाव ऐकून गाव सोडतात," मामा आरशापुढे उभे राहून सांगत होते. "घारीची नजर, सशाचे कान आणि बुद्धी अशी की कधी कधी माझी मलाच भीती वाटते."

"सदरा उलटा घातलाय," मामी म्हणाली.

मामांनी घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचण्यात हयात घालवली होती. लोकांच्या जिन्याखाली वाकून डोकावायची जी खोड लागली, तिलाच ते निवृत्तीनंतर गुप्तहेरगिरी म्हणू लागले. आजवरचं एकमेव यश म्हणजे शेजाऱ्यांची हरवलेली छत्री. ती मामांच्याच दाराआड निघाली, आणि तीही मामीला सापडली.

या खेपेला मात्र प्रकरण घरातलं होतं. भाची रडवेली होऊन आली होती.

आठवड्याच्या प्रार्थनेत शेवटचं गीत भाची गायची. बाकीचे दिवस तिचा गळा 'खाली उतर' आणि 'ते तोंडात घालू नकोस' एवढ्याच कामाला. जुळी पोरं घेऊन ती इतर चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर अगदी मागच्या सतरंजीवर बसे. सगळ्या पोरांसाठी मऊ बिस्किटं, मनुका आणि सफरचंदाच्या फोडी भरलेला मोठा डबा ती आणायची. पण एकदा मौनात कुणीतरी कुरुमकुरुम केलं, आणि प्रार्थनामंडळाच्या अध्यक्षांनी नियम काढला: डबा आधी पुढे त्यांच्याकडे द्यायचा, त्यांनी तो तपासायचा, आणि मग डोळे मिटून सगळ्यांनी तो हातोहात मागे सरकवायचा. बोलायचं नाही, उठायचं नाही.

"अध्यक्ष म्हणतात, डबा भरलेला दिला," भाची सांगत होती. "आमच्याकडे पोचतो तो ठणठणीत रिकामा. पोरं भुकेनं टाहो फोडतात. अध्यक्षांना वाटतं, पोरं डबाभर हादडूनही रडतात! म्हणाले, आणखी एकदा रडारड झाली तर पाच वर्षांखालची पोरं घरी, आणि त्यांच्या आयाही घरी. मामी, अगं, तेवढंच एक गाणं आहे गं माझं."

"घाबरू नकोस," मामा म्हणाले. "हे उंदराचं काम आहे."

"झाकण उघडून, खाऊन, परत झाकण लावणारा उंदीर?" मामीने विचारलं.

"शिकलेला उंदीर आहे."

उंदराचा पिंजरा लावला, त्यात मामांचाच अंगठा अडकला. मग मामांनी डब्याला चोरकप्पा असल्याचं जाहीर केलं आणि तो शोधायला हातोडी घेतली. चोरकप्पा निघाला नाही, झाकण मात्र कायमचं वाकडं झालं. मग संशय गाण्याला साथ करणाऱ्या पेटीवाल्यावर गेला. त्याच्या दाढीत बिस्किटाचा चुरा दिसला होता. मामांनी भिंग लावून भर रस्त्यात दाढी तपासली. तो कोंडा होता. पेटीवाला त्यानंतर मामांशी बोलेनासा झाला, यात त्याचा काहीच तोटा नव्हता.

"मधल्या लोकांपैकी कुणी खात असेल का?" भाचीने भीत भीत विचारलं.

"छे! देवापुढे डोळे मिटून बसलेली माणसं ती," मामा खवळले. "मी स्वतः मधल्या रांगेत दबा धरून बसतो."

ते बसले. प्रार्थना संपली, पोरं रडली, अध्यक्षांनी बोट वर करून "पुढच्या आठवड्यात शेवटची संधी" असं बजावलं.

"काय दिसलं?" घरी येताना मामीने विचारलं.

"डोळे मिटायचा नियम आहे. नियम मोडून तपास करणाऱ्यातला मी नव्हे."

"डबा तुमच्या हातात आला होता ना?"

"आला. पुरावा म्हणून दोन बिस्किटं काढून घेतली."

"कुठायत ती?"

"चव तपासली. विषबाधेची शक्यता नाही."

मामीने मात्र त्या दिवशी डोळे उघडे ठेवले होते. डबा पुढून निघाला. एक हात आत गेला, एक बिस्किट बाहेर. पुढचा हात आत, चार मनुका बाहेर. शिंपी, मास्तरीणबाई, डॉक्टर, सगळे मिटल्या डोळ्यांनी, शांत चेहऱ्यांनी चघळत होते. चोर कुणीच नव्हता. प्रत्येकाने आपलं जरासंच घेतलं होतं.

मामी लहान होती तेव्हा याच सभागृहात आधी पोरांची तोंडं भरत आणि मगच म्हातारे डोळे मिटत. शेजारणीच्या पोराला आपल्या मांडीवर घेऊन भरवायला तेव्हा कुणाची परवानगी लागत नसे. आजचा हा अध्यक्ष तर त्या काळी नाक ओढत मनुका मागत फिरायचा, आणि अख्खं सभागृह त्याला देत असे. पोटं सुटली तसा लोकांचा विसरभोळेपणाही वाढला.

पुढच्या आठवड्यात मामीने दारातच भाचीकडून डबा घेतला. "मी देते अध्यक्षांना," म्हणाली, आणि तडक मागच्या सतरंजीवर जाऊन बसली.

मौन सुरू झालं. मागे पोरं मुकाट्याने चघळत होती. पुढे मात्र चुळबुळ होऊ लागली. कुणी खाकरलं, कुणाचं पोट गुरगुरलं. मिटल्या डोळ्यांनी पसरलेले हात हवेत चाचपडत राहिले. शेवटी त्या शांततेत अध्यक्षांचाच आवाज घुमला.

"अरे, डबा कुठे अडकलाय?"

सगळ्यांचे डोळे उघडले. अध्यक्षांचा हात अजून पुढेच होता.

"पोरांचा खाऊ पोरांकडे गेलाय," मामी मागून म्हणाली. "तुला अजूनही प्रार्थनेत भूक लागत असेल तर ये मागे. जागा करते."

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सभागृहभर हसणं पसरलं. अध्यक्षांनी मौनानंतरचं प्रवचन घाईघाईने आवरतं घेतलं. पाच वर्षांखालच्यांचा विषय त्यांनी काढला नाही. भाचीने शेवटचं गीत असं गायलं की पेटीवाल्याला सूर चढवावा लागला.

"मला पहिल्यापासून संशय होता," बाहेर पडताना मामा म्हणाले.

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"स्वतःला धरून?"

"आरोपींत मिसळल्याशिवाय तपास होत नाही," मामा गंभीरपणे म्हणाले.

"पुढच्या वेळी घरून जेवून मिसळा," मामी म्हणाली, आणि जुळ्यांचे चिकट हात धरून पुढे चालू लागली.