दैत्याला आवतण

दीपमालाला शाळेत ग्रीक दैत्य सादर करायचा होता आणि त्या दैत्याला बैलाचं डोकं होतं. एवढं कळल्यावर तिचे आजोबा अण्णाराव गप्प बसणं शक्यच नव्हतं. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन ते उदगीरला लेकाकडे राहायला आले, तेव्हापासून बैल या विषयावर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

दीपमालानं मोबाईलवर सगळी माहिती शोधली होती. "मिनोटॉर नाव हाय त्याचं, आबा. खाली माणूस, वर बैल. राजानं त्याला भुलभुलैयात कोंडला. तिथं तो माणसं खायचा."

"बैल माणसं खात न्हाई. कडबा खातो."

"आबा, गोष्ट हाय ती. लोक भ्याले पाहिजेत. पहिला नंबर आला तर पुढच्या फेरीला लातूरला जायला मिळतं."

लातूरला जाणार, हे तिनं आधीच गल्लीभर सांगून ठेवलं होतं. अण्णारावांनी मान डोलावली, रद्दी आणि मेथ्या भिजत घातल्या आणि लगद्याचं डोकं करायला बसले. पण त्यांच्या हातांना एकच बैल ठाऊक होता. कपाळ रुंद झालं, कान लोंबले, दोन डोळ्यांच्या मधे पांढरा ठिपका उमटला. परसालच्या उन्हाळ्यात म्हातारपणानं गेलेला त्यांचा देवणी जातीचा बैल, चांद्या, घरात परत आला.

"आबा, ह्यो हसून राहिलाय."

"हसत न्हाई. त्याचं तोंडच तसं होतं."

"तोंड उघडं पाहिजे. आत दात, दाताला रक्त."

"चांद्यानं जल्मात कुणाला दात दाखवला न्हाई. मेलेल्यावर आळ घेऊ नगं."

तोंड बंदच राहिलं. वाळल्यावर कळलं, की डोकं वर्गातल्या कुणालाच बसत नाही. ज्याच्या त्याच्या खांद्यापर्यंत उतरतं. अण्णारावांना मात्र ते मापानं शिवल्यासारखं बसलं. दैत्याचं काम त्यांच्याकडे आलं, ते असं. मग बोडका बैल बघवेना, म्हणून ट्रंकेतली झूल निघाली, शिंगांना गोंडे बांधले, गळ्यात चांद्याची घुंगरमाळ चढली.

"राक्षस कुठं नटतो का, आबा?"

"बैल नटतो. परवा पोळा हाय."

कार्यक्रम पोळ्याच्या आदल्या दिवशी होता, म्हणजे खांदमळणीला. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. शाळेच्या सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांचे गोठे आता रिकामे होते, पण सण त्यांच्या ध्यानात होता.

दैत्याला मारणारा वीर म्हणून दीपमाला पुठ्ठ्याची तलवार घेऊन उभी राहिली. तिनं भुलभुलैया असा काही रंगवला, की लहान पोरं आयांना चिकटली. "आणि आता तो येतोय," ती म्हणाली. दिवे गेले. अंधारात घुंगरमाळ वाजली.

ठरल्याप्रमाणे अण्णारावांनी डरकाळी फोडायची होती. पण माळेचा आवाज कानावर पडला आणि त्यांची पावलं आपोआप दिवेलागणीला शेतातून परतणाऱ्या चांद्याची झाली. दिवे लागले तेव्हा पहिल्या रांगेत शेजारच्या शरणम्मा उठून उभ्या होत्या.

"देवणी हाय की गं," त्या म्हणाल्या.

शरणम्मा इथून थेट भावाच्या गोठ्याकडं जाणार होत्या. पिशवीत हळद-लोण्याची वाटी तयारच होती. त्या मंचावर चढल्या, दैत्याचे खांदे मळले आणि हात जोडून म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मागून बायांची रांगच लागली. दीपमालानं तलवार उचलली, तर मागच्या बाकावरून एक म्हातारा खेकसला, "पोरी, सणाच्या तोंडावर बैलावर हत्यार उचलतीस?"

परीक्षक सरांनीही दैत्याला हात जोडले. मग गुण दिले. सादरीकरण उत्तम, मात्र दैत्याची भीती वाटली नाही. नंबर नाही.

घरी येताच दीपमालानं तलवार मोडून टाकली. अण्णारावांना फार वाईट वाटलं. पोरीचं लातूर आपल्यापायी गेलं. तरी खांद्याला लोण्याचा वास होता आणि तो धुवून टाकायचं त्यांच्या जिवावर आलं.

पोळ्याला दुपारी शरणम्मा झाकलेलं ताट घेऊन दारात हजर. "आवतण दिलतं. आले न्हाईत, म्हनून मीच आले."

"काकू, राक्षस हाय तो," दीपमाला म्हणाली. "माणसं खातो."

"खाईल न्हाई तर काय करंल? कोंडून घातल्यालं. कुणी येळेवर चार घास घातले आसते, तर कशाला खाल्ली आसती माणसं?"

दीपमालानं ताट घेऊन खाली ठेवलं. कोपऱ्यातलं डोकं तिनं उचललं आणि आजोबांच्या डोक्यावर ठेवलं. पुरणपोळीचा घास पुढं केला, तो बंद तोंडाला आपटला. मग तिनं आतून कात्री आणली आणि चांद्याचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत कापलं. लगद्याचे दातेरी तुकडे वर-खाली लोंबू लागले.

शरणम्मा दोन पावलं मागं सरल्या. "आगं माय, आता भ्या वाटून राहिलं की."

"भिऊ नका काकू. उपाशी हाय, म्हणून तसा दिसतो," दीपमाला म्हणाली आणि तिनं तूप लावलेला घास आत सारला.

थोड्या वेळानं डोक्याच्या आतून अजून एक पोळी मागणारा आवाज आला. तो जरा घोगरा होता, पण तोंडात पुरणपोळी असली की आवाज तसा येतोच.